नंबर न देता जगभर गप्पा: टेलिग्राम बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

परदेशाशी बोलणं बडोद्यात नवीन राहिलेलं नाही. दांडिया बाजार घ्या, रावपुरा घ्या, प्रतापनगर घ्या, मराठी घरातलं कुणी ना कुणी टोरंटोला नाहीतर मेलबर्नला असतंच, आणि रात्री जेवणं आटोपली की व्हिडिओ कॉल लागतो. घरच्या माणसांसाठी व्हॉट्सॲप पुरतं, ते बदलायची काही गरज नाही. प्रश्न येतो तो अनोळखी माणसांचा. स्पॅनिशचा सराव करायला मेक्सिकोतलं कुणी हवं असतं, जुनी टपाल तिकिटं जमवणाऱ्याला ब्राझीलचा जोडीदार हवा असतो, विद्यापीठात प्रवेश घ्यायच्या आधी तिथे शिकणाऱ्यांना चार गोष्टी विचारायच्या असतात. अशा माणसांना आपला मोबाइल नंबर पहिल्याच दिवशी द्यायचा का? माझं उत्तर स्पष्ट आहे, द्यायचा नाही. आणि म्हणूनच या कामासाठी टेलिग्राम हे मेसेजिंग ॲप मला सगळ्यांत सोयीचं वाटतं.

खातं उघडायला नंबर लागतोच. पुढे मात्र सगळा व्यवहार युजरनेमवर, म्हणजे आपण निवडलेल्या टोपणनावावर होतो. ते ५ ते ३२ अक्षरांचं असतं आणि त्यात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात. आडनाव, जन्मसाल किंवा मोबाइलचे शेवटचे आकडे त्यात घालू नका. मेलसाठी वापरता तेच नाव इथे ठेवलं तर शोधणाऱ्याला तुमची बाकीची खाती सापडायला वेळ लागत नाही. युजरनेमचा क्यूआर कोडही निघतो. समोरच्याला तेवढा पाठवला की काम होतं.

पण युजरनेम घेतलं म्हणजे नंबर लपला असं नाही, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात फोन नंबर उघडा. ‘माझा नंबर कुणाला दिसावा’ याला नोबडी निवडा. तसं केल्यावर खाली दुसरा प्रश्न उगवतो, ‘नंबरवरून मला कोण शोधू शकेल’. तिथे माय कॉन्टॅक्ट्स ठेवा. हा दुसरा प्रश्न तसाच राहिला तर ज्याच्याकडे तुमचा नंबर आधीपासून आहे त्याला तुमचं खातं सापडतं, म्हणजे टोपणनाव घेऊनही उपयोग शून्य.

एवढं करूनही नंबर निसटायची एक जागा उरते, आणि ती लक्षात येत नाही. अनोळखी माणसाशी गप्पा सुरू झाल्या की वर ‘ॲड टू कॉन्टॅक्ट्स’ असं बटण दिसतं. ते दाबल्यावर नाव लिहायची चौकट येते आणि तिच्याखाली ‘शेअर माय फोन नंबर’ अशी एक छोटी खूण आधीच केलेली असते. घाईत वरची बरोबरची खूण दाबली की तुमचा नंबर त्या माणसाला गेला. आधी खालची खूण काढा, मग सेव्ह करा. खरं म्हणजे सुरुवातीला कॉन्टॅक्टमध्ये टाकायची गरजच नसते, गप्पा तशाही चालतात.

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी उरकून घ्या. ग्रुपमध्ये मला कोण टाकू शकतं, याला माय कॉन्टॅक्ट्स. नाहीतर सकाळी उठून बघावं तर आपण कुठल्यातरी क्रिप्टोच्या ग्रुपमध्ये बसलेले. आणि कॉल्समध्ये पीअर-टू-पीअर. हा चालू असला की कॉल दोन फोनमध्ये थेट जोडला जातो. त्यामुळे आवाज चांगला येतो, पण समोरच्याला तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) कळू शकतो, आणि त्यावरून शहर आणि इंटरनेट कंपनीचा अंदाज बांधता येतो. माय कॉन्टॅक्ट्स ठेवलं की अनोळखी माणसाचा कॉल टेलिग्रामच्या सर्व्हरमधून फिरून येतो. थोडा उशिरा पोचणारा आवाज मला चालतो.

टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे लॉगिनच्या कोडशिवाय आणखी लागणारा पासवर्ड पहिल्याच दिवशी लावा आणि सोबत चालू असलेला ईमेल द्या. यात चालढकल नको. लॉगिनचा कोड कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी द्यायचा नाही. टेलिग्रामच्या नावाने आणि निळ्या चित्रासह ‘सपोर्ट’ म्हणून येणारे खूप असतात, पण कंपनी चॅटमध्ये कोड मागत नाही. महिन्यातून एकदा डिव्हाइसेस उघडून कुठल्या फोनवर आणि संगणकावर आपलं खातं चालू आहे ते पाहा. ओळखीचं नसेल ते तिथूनच बंद करा.

आता माणसं शोधायची कशी? इथे टेलिग्राम थोडं कमी पडतं. आवड, भाषा, देश भरला आणि जोडीदार समोर आला, अशी सोय यात नाही. आसपासची माणसं दाखवणारी सोय होती, तीही २०२४ मध्ये काढली, आणि ते बरंच झालं. उरतात ते सार्वजनिक ग्रुप. शोधात विषय इंग्रजीत टाका, भाषेचं नाव आणि पुढे एक्सचेंज किंवा प्रॅक्टिस. ग्रुपची कमाल मर्यादा २ लाख सदस्यांची आहे, पण मोठा ग्रुप म्हणजे चांगला ग्रुप असं समजू नका. पाच-सातशे माणसांचा, नियम वर पिन केलेला आणि स्लो मोड लावलेला ग्रुप शोधा. स्लो मोडमध्ये एका सदस्याला दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ थांबावं लागतं, काही सेकंदांपासून एका तासापर्यंत. त्यामुळे जाहिराती ओतणारे तिथे टिकत नाहीत. आत गेल्यावर लगेच कुणाला खासगीत गाठू नका. काही दिवस ग्रुपमध्येच बोला, कोण नियमित उत्तर देतं ते कळतं.

ओळख करून देताना ‘वडोदरा’ म्हटलं तर परदेशी माणसाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. ‘मुंबईच्या उत्तरेला रेल्वेने सुमारे ३९० किलोमीटर’ म्हटलं की नकाशावर बोट ठेवता येतं. मग पुढचा प्रश्न हमखास येतो, गुजरातमध्ये राहून मराठी कसे? तिथे गायकवाडांचं राज्य, १८९०चा लक्ष्मी विलास पॅलेस आणि सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं केलेलं प्राथमिक शिक्षण, एवढ्यावर गप्पा छान रंगतात. शहर सांगा, पोळ (गल्ली) किंवा सोसायटीचं नाव नको.

पत्ता फोटोतूनही जातो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो टेलिग्राम आकाराने लहान करतं आणि त्यात दडलेली जागेची नोंद निघून जाते. पण फोटो मूळ दर्जात जावा म्हणून ‘फाइल’ म्हणून पाठवला की ती नोंद तशीच पोचते. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर बाल्कनीतल्या कुंडीच्या फोटोवरूनही तुमच्या घराचा ठिकाणा काढता येतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवलं की ही काळजीच मिटते.

भाषेचं म्हणाल तर भाषांतराचं बटण कामाला येतं, पण त्याला आपण नीट खाद्य द्यावं लागतं. मराठीत आपण कर्ता सर्रास गाळतो. ‘काल गेलो होतो, मजा आली, पुन्हा जाऊ’ असं लिहिलं की कोण गेलं, कोण जाणार, हे यंत्र अंदाजाने ठरवतं आणि बऱ्याचदा चुकतं. सेव उसळ काय असते हे सांगायचं असेल तर असं लिहा: ‘आमच्या शहरात लोक सेव उसळ खातात. ती वाटाण्याची बनते. तिचा रस्सा तिखट असतो. तिच्यावर शेव घालतात. सोबत पाव देतात.’ पाच छोटी वाक्यं, प्रत्येकात एकच गोष्ट, आणि जोडीला एक फोटो. पाठवायच्या आधी भाषांतर झालेला मजकूर उलट मराठीत आणून पाहा. अर्थ तोच राहिला तर पाठवा. मूळ मराठी ओळही खाली जोडा, म्हणजे समोरच्याला शंका आली तर तो स्वतः तपासू शकतो. चूक राहिलीच तर पाठवल्यावर ४८ तासांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो. भाषा शिकणाऱ्यांना ही सोय फार मोलाची आहे.

वेळेचं गणित एकदा कागदावर मांडून ठेवा. आपले रात्रीचे ८ म्हणजे टोरंटोत उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ. लंडनला दुपारचे साडेतीन किंवा अडीच. नैरोबीला बाराही महिने संध्याकाळचे साडेपाच, तिथे घड्याळ बदलत नाही. सिडनीला मात्र मध्यरात्र उलटलेली असते, त्यांना आपल्या दुपारी गाठावं. गोंधळ होतो तो मार्चमध्ये. अमेरिका आणि कॅनडा घड्याळ पुढे करतात मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत ठरलेला कॉल एक तासाने चुकतो आणि दोघंही समजतात की समोरचा विसरला. परतताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. सिडनीचं चक्र उलटं, ऑक्टोबरमध्ये पुढे आणि एप्रिलमध्ये मागे.

यावर उपाय टेलिग्राममध्येच आहे. मेसेज लिहून पाठवायचं बटण दाबून धरा, शेड्यूल मेसेज येईल. तिथे तारीख आणि वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे टाका. समोरच्याचा ‘लास्ट सीन’ तुम्हाला दिसत असेल तर ‘सेंड व्हेन ऑनलाइन’ हा पर्यायही मिळतो, म्हणजे तो माणूस ॲप उघडेल तेव्हाच मेसेज जाईल. तुम्ही स्वतःचा लास्ट सीन त्याच्यापासून लपवला असेल तर त्याचाही नेमका दिसत नाही. मध्यरात्री फोन वाजू नये एवढंच हवं असेल तर ‘सेंड विदाउट साउंड’ वापरा.

उलट बाजूने मेसेज उशिरा मिळत असतील तर बहुतेक वेळा दोष फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सोयीत असतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, टेलिग्राम, बॅटरी असं जाऊन अनरिस्ट्रिक्टेड निवडा, आणि ऑटोस्टार्ट वेगळा असेल तर तोही चालू करा. ग्रुपांमुळे फोन भरतो, त्यासाठी डेटा अँड स्टोरेजमध्ये मोबाइल डेटावरचं आपोआप डाउनलोड बंद करा आणि मीडिया ठेवायची मुदत एक आठवडा करा. फोनमधलं पुसलं तरी क्लाउडवरचं, म्हणजे टेलिग्रामच्या सर्व्हरवरचं राहतं, पुन्हा उघडता येतं.

गुप्ततेबद्दल मोठा गैरसमज आहे, तो दूर व्हायला हवा. टेलिग्रामच्या साध्या गप्पा कंपनीच्या सर्व्हरवर साठतात, त्यांना दोन टोकांमधलं एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणाऱ्या दोघांशिवाय कुणालाच वाचता येणार नाही असं कुलूप, नसतं. लेखी गप्पांत ते फक्त सीक्रेट चॅटमध्ये असतं. ती समोरच्याच्या प्रोफाइलमधल्या तीन टिंबांतून सुरू करावी लागते, दोघांपुरतीच असते, ग्रुपला लागू होत नाही, आणि ज्या फोनवर सुरू केली त्याच फोनवर राहते. फोन बदलला की ती गेली. व्हॉट्सॲप आणि सिग्नलमध्ये हे एन्क्रिप्शन आपोआप असतं. सिग्नलनेही २०२४ पासून युजरनेम आणलं आहे. ओळख पक्की झाली आणि बोलणं खासगी विषयांवर गेलं की मी तिकडे वळण्याचा सल्ला देईन. पासपोर्टची प्रत, बँकेची कागदपत्रं टेलिग्रामच्या साध्या चॅटवर कधीच नको.

फसवणुकीचं काय? नव्या अनोळखी माणसाचा पहिला मेसेज आला की टेलिग्राम आता वर त्याची थोडी माहिती दाखवतं: नंबर कुठल्या देशाचा, खातं कधीचं, तुमच्यात किती ग्रुप सामाईक आहेत. ‘मी स्पेनची’ म्हणणाऱ्या व्यक्तीचा नंबर दुसऱ्याच देशाचा आणि खातं याच महिन्यातलं असेल तर तिथेच थांबा. ठरावीक चाली तीन-चारच आहेत. व्हिडिओ लाइक करण्याचे पैसे देतात, पहिले दोन-तीनशे खरंच देतात, मग ‘मोठं काम’ म्हणून तुमच्याकडून भरून घेतात. परदेशी मैत्रीण भेट पाठवते आणि ती ‘कस्टम्समध्ये अडकते’. कस्टम्स खातं कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागत नाही. तिसरी चाल गुंतवणुकीची, तिथे ॲपवर नफा दिसतो पण काढता येत नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. चॅट मात्र पुसू नका, आधी स्क्रीनशॉट घ्या.

सगळ्या देशांत हे ॲप चालत नाही. चीनमध्ये टेलिग्राम आणि व्हॉट्सॲप दोन्ही बंद आहेत, तिथे वीचॅट. इराणमध्ये २०१८ पासून टेलिग्रामवर बंदी आहे. दुबई-अबुधाबीत मेसेज पोचतात, पण इंटरनेटवरचे फुकट कॉल सहसा लागत नाहीत, तिथल्यांशी व्हॉइस मेसेजवर भागवावं. जपानी माणूस लाइनवर आणि कोरियन काकाओटॉकवर बोलवेल, त्याला टेलिग्रामवर ओढत बसू नका.

आणि शिकायला बाहेर निघालेल्या मुलांसाठी एक महत्त्वाचं. इथलं प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. त्या माणसाने टेलिग्राम उघडलं की कोड त्याच्या एसएमएसवर जाऊ शकतो, आणि टू-स्टेप पासवर्ड नसेल तर तुमचं खातं त्याच्या हातात. तिकडचं सिम मिळालं की जुनं चालू असतानाच सेटिंग्जमध्ये आपल्या नंबरवर टिचकी मारून ‘चेंज नंबर’ करा. गप्पा, ग्रुप, युजरनेम सगळं तसंच राहतं.