टाऊन हॉलच्या बागेतील एक दुपार

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरी मारतो, तांबडा-पांढरा ओरपतो आणि वेळ उरलाच तर पन्हाळा गाठतो. या धावपळीत टाऊन हॉलची बाग हटकून राहून जाते. देवळापासून भाऊसिंगजी रस्त्याने सरळ चालत आले तर पंधरा-वीस मिनिटांत आपण सीपीआर रुग्णालयापाशी पोहोचतो आणि तिथेच ही बाग आहे. मी येथे अनेक वर्षे येत आहे. मात्र मागच्या वैशाखात एक सबंध दुपार या झाडांखाली काढली, तेव्हा या जागेचे खरे मोल मला नीट उमगले.

बागेतली इमारत आधी पाहावी. काळ्या दगडाचे भक्कम बांधकाम, उतरते छप्पर, टोकदार कमानी आणि आकाशात घुसलेले निमुळते मनोरे असे तिचे रूप असून मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ या काळात ती उभी राहिली. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा ज्यांनी आखला तेच हे मँट. त्यांच्या हातची आणखी एक वास्तू कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याची आहे, पण ती आहे इटलीत. विलायतेहून परतताना छत्रपती राजाराम महाराजांचे १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे ऐन तारुण्यात निधन झाले. तेथील नदीकाठच्या सार्वजनिक उद्यानात महाराजांची जी छत्री १८७४ मध्ये उभारली गेली, तिचा आराखडाही मँट यांचाच. म्हणजे ज्या वर्षांत टाऊन हॉलचे दगड घडवले जात होते, त्याच वर्षांत सातासमुद्रापलीकडच्या एका बागेत आपल्या राजाचे स्मारक आकाराला येत होते. टाऊन हॉलच्या पायरीवर बसले की मला ती दुसरी बाग हमखास आठवते.

इमारतीत आता शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननातल्या वस्तू येथे ठेवलेल्या आहेत. ब्रह्मपुरीतच सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती वीतभरही उंच नाही. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावाचा व्यापार थेट रोमन जगाशी जोडलेला होता, याची साक्ष तेवढ्याशा मूर्तीत सामावलेली आहे. आबालाल रहिमान यांची चित्रे पाहण्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा. सोमवारी संग्रहालय बंद असते, त्यामुळे बाहेरगावाहून येणाऱ्यांनी वार पाहूनच बेत आखावा.

आता झाडांविषयी. रस्त्यावरच्या उन्हातून आत पाऊल टाकले की सावलीचा गारवा अंगाला जाणवतो आणि मग वरून कलकल ऐकू येते. ती पाखरांची नसून वटवाघळांची असते. उंच फांद्यांना शेकड्यांनी लटकलेले हे फळखाऊ जीव नुसते झोपलेले असतील असा अनेकांचा समज असतो, पण त्या दुपारी मी निरखून पाहिले तेव्हा जवळजवळ प्रत्येक वटवाघूळ एक पंख पसरून सावकाश वारा घेत होते, मध्येच पंख चाटून ओला करत होते आणि शेजारी सरकला तर त्याच्याशी भांडत होते. वड-उंबराच्या बिया दूरवर पसरवण्याचे मोठे काम हीच वटवाघळे करतात आणि वर्षाला मादीला एकच पिल्लू होते. म्हणून त्यांना उठवण्यासाठी कोणी टाळ्या पिटतो किंवा खडा भिरकावतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. त्या दिवशी दोन मुलांना मी थांबवले आणि त्यांनीही ऐकले. लटकलेल्या थव्याच्या नेमके खाली मात्र बसू नये, कपडे खराब होतात.

आखीव ताटवे किंवा रोषणाई हे या बागेचे बळ नाही आणि तसे ते होऊही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे दुपारी येणाऱ्यांपैकी कितीतरी जण बाग पाहायला आलेलेच नसतात. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड अशा दूरच्या तालुक्यांतून पेशंटला घेऊन आलेली माणसे रिपोर्ट मिळेपर्यंत किंवा भेटीची वेळ होईपर्यंत याच झाडांखाली अंग टाकतात. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांनी फडक्याची गाठ सोडली, भाकरीवर झुणका घेतला आणि पहिला घास मोडण्याआधी अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली. मी नको म्हटल्यावर, “खा की रं, उपाशी माणसाच्या शेजारी जेवू व्हय मी?” असे त्या म्हणाल्या. मग मी घेतली. जेवण झाल्यावर, “पिशवीकडं जरा बघ बाळा, नातवाला डबा देऊन आलोच मी,” असे सांगून त्या उठल्या.

त्या परत येईपर्यंत मी तेथेच बसून होतो. इमारतीसमोरच्या जुन्या तोफांजवळ काही कॉलेजची मुले फोटो काढत होती. फोटो झाल्यावर त्यांनी वेफर्सची रिकामी पाकिटे तोफेच्या चाकापाशीच टाकली. दीडशे वर्षांच्या वास्तूच्या अंगणात आपण उभे आहोत, याचे भान येणाऱ्या प्रत्येकाने ठेवायला हवे. प्लास्टिक आपल्या पिशवीतून परत न्यायला काहीच कष्ट पडत नाहीत.

संग्रहालय आणि बाग दोन्ही निवांत पाहायची असतील तर दुपारी तीनच्या सुमारास यावे, आधी आतली दालने पाहावीत आणि नंतर झाडांखाली बसावे. दिवस मावळेपर्यंत थांबणे जमत असेल तर अवश्य थांबावे. आजी नातवाकडून परतल्या तेव्हा उन्हे उतरली होती. “ताप उतरला बघ त्याचा,” असे सांगत त्यांनी पिशवी उचलली आणि त्याच सुमारास पहिली पाच-दहा वटवाघळे फांदी सोडून मनोऱ्यावरून पंचगंगेच्या दिशेने निघाली. आजी आणि मी, दोघेही थवा विरळ होईपर्यंत वर पाहत उभे होतो.