पुरासाठी घेतलेली लाइफ जॅकेटं: मोठ्यांची ठेवली, पोरांची परत केली

आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठी. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ च्या वर गेलं होतं. त्याच पुरात ८ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटली. झेपणार नाहीत एवढी माणसं बसली होती. तेव्हापासून आमच्या आत्याबाई बोटीचं नाव काढू देत नाहीत. म्हणून यंदा रोहिणी निघायच्या आत घरापुरती जॅकेटं आणली.

मोठ्यांचं जॅकेट झकास. आत फोम, वर नारिंगी कापड, पुढं तीन बकलं, खांद्यावर चमकती पट्टी. आमच्या ह्यांनी घालून विहिरीत उडी टाकली आणि हातपाय सोडून दिले. वजनदार गडी, तरी हनुवटी पाण्याच्या वर. आत्याबाईंनी ओसरीवरच घालून बघितलं. नऊवारीवर बसतं, फक्त पदर आधी खोचायचा, नाहीतर बकलात अडकतो. बोटीत चढल्यावर ही खटपट होत नाही, घरातूनच घालून निघायचं.

पोरांच्या जॅकेटानं मात्र डोकं फिरवलं. पाकिटावर 'सर्व मुलांसाठी', किती किलोच्या पोराला चालेल त्याचा पत्ता नाही. धाकटीला घातलं, बकलं आवळली आणि खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढलं, तर जॅकेट थेट कानांपर्यंत! पाण्यात पोर खालून निसटलं असतं. मांड्यांमधून घ्यायचा पट्टाच नव्हता. दुकानदार म्हणतो, "असू दे वहिनी, जरा मोठंच बरं, दोन वर्षं चालेल." अहो, शाळेचा गणवेश आहे का तो? वाद घालून परत केलं आणि दुसऱ्या दुकानातून आणलं. त्यावर किलो छापलेत, पट्टाही आहे. महाग पडलं, पण ओढल्यावर जागचं हललं नाही.

ठेवताना वर धान्याची पोती रचू नका, फोम दबला की तरंगायची ताकद कमी होते. उन्हातही टांगू नका.

मोठ्यांच्या जॅकेटला पाचपैकी चार. एक कापला तो शिट्टीपायी: दोरी एवढी आखूड की शिट्टी तोंडापर्यंत पोचत नाही. मी नाडी जोडून घेतलीय.