लाँगमनची फुकट ऑनलाइन डिक्शनरी: मराठी मीडियमच्या मुलांनी नक्की वापरावी अशी

इंग्रजी शब्द वाढवायचे म्हटलं की आपल्याकडे सल्ला ठरलेला, रोज दहा शब्द पाठ कर. वहीच्या पानावर मधे उभी रेघ मारायची, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. ऑब्जेक्टिव्ह पेपरला त्याने थोडंफार भागतंही, पण स्वतःचं एक वाक्य लिहायची वेळ आली की पेन तिथेच थांबतं, कारण अर्थ माहितीये पण तो शब्द कुणाच्या शेजारी बसतो आणि त्याचं नाम कसं होतं, विशेषण कसं होतं यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून मी अकरावीला गेलेल्या पोरांना आणि स्पर्धा परीक्षावाल्यांना आधी लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश दाखवते. छापील पुस्तक 1978 पासून आहे पण मी बोलतेय ती वेबसाइट, पूर्ण फुकट, मोबाईलवर नीट उघडते, लॉगिन वगैरे काही नाही.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बऱ्याच नेहमीच्या शब्दांना अगदी वर दिलेली वर्ड फॅमिली, म्हणजे एकाच मुळातून आलेल्या शब्दांचं कुटुंब. डिसाइड टाका, लगेच दिसतं की डिसिजन नाम, डिसायसिव्ह विशेषण, डिसायसिव्हली क्रियाविशेषण, आणि विरुद्ध अर्थाचे पण सोबतच, म्हणजे इनडिसायसिव्ह आणि अनडिसायडेड. आता बघा, घर एकच पण एकाला इन लागलं आणि दुसऱ्याला अन, हे नियम पाठ करून लक्षात राहत नाही हो, शेजारी शेजारी बघितलं की राहतं. आपल्याला ही पद्धत काही नवी नाही, लिहिणे म्हटलं की लेख, लेखक, लेखन, लेखी, लेखणी, लिखाण हे सगळं आपोआप डोक्यात येतं, कुणी वेगळं पाठ करून घेतलेलं नसतं. इंग्रजीत तेच करायचंय. अकरावी सायन्सला प्रकाशसंश्लेषणाचं एकदम फोटोसिंथेसिस होतं तेव्हा सिंथेसिस, सिंथेटिक, सिंथेसाइज हे एकत्र माहीत असलेल्या मुलाला बायोलॉजीचा शब्द केमिस्ट्रीच्या पुस्तकातही कामाला येतो.

पण नुसत्या फॅमिलीवर विसंबलं की पंचाईत होते, आणि हे आपल्याकडे फार आधीपासून सांगून ठेवलंय. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तो श्लोक आठवत असेल, प्रहार आहार संहार विहार परिहार वाला, उपसर्ग लागला की धातूचा अर्थ ओढून भलतीकडेच नेला जातो. इंग्रजीत पण तसंच. इन म्हणजे नकार हे डोक्यात बसलेला मुलगा इन्व्हॅल्युएबल वाचतो आणि कवडीमोल समजतो, खरा अर्थ अतिशय मोलाचं. पुढचे प्रत्यय पण फसवतात, ही वर्क्स हार्ड म्हणजे तो खूप काम करतो आणि ही हार्डली वर्क्स म्हणजे जवळपास करतच नाही. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल सख्खी भावंडं, पण ग्रोथ आणि पॉलिसीबरोबर इकॉनॉमिक येतं आणि कमी पेट्रोल खाणारी गाडी इकॉनॉमिकल असते. हे कळायला वाक्यच लागतात, आणि या साइटवर वाक्यांची रेलचेल आहे. प्रत्येक अर्थाखाली उदाहरणं, खाली आणखी खऱ्याखुऱ्या मजकुरातून उचललेली वाक्यं, आणि बऱ्याच शब्दांना कोलोकेशन्सची चौकट, म्हणजे कोणता शब्द कुणाबरोबर येतो.

ती चौकट मराठी माणसाने रोज बघावी असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या चुका तिथेच होतात. आपण परीक्षा देतो, म्हणून आपल्या तोंडात गिव्ह द एक्झाम येतं. एक्झाम शब्द उघडा, तिथे टेक, सिट, डू अशी क्रियापदं दिसतात, विद्यार्थ्याच्या बाजूने गिव्ह नाही. तसंच डिस्कस. आपण विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो म्हणून पुढे अबाउट चिकटवतो, तिथे सरळ लिहिलंय की डिस्कस अबाउट म्हणू नका. एवढं एक वाक्य कितीतरी मुलांचे मार्क वाचवेल.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे व्याख्यांची भाषा. सगळ्या व्याख्या साधारण 2000 सोप्या शब्दांतच बसवायचा यांचा नियम आहे, त्यामुळे एका शब्दाचा अर्थ बघायला गेलं आणि त्या अर्थातले तीन शब्द परत शोधत बसलो असं फारसं होत नाही. ही कल्पना आपल्याच उपखंडाशी जोडलेली आहे बरं का. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षक तेव्हाच्या बंगालमध्ये, ढाक्याला शिकवायचे, इंग्रजी वाचताना मुलं कुठे अडतात ते त्यांनी तिथे जवळून पाहिलं आणि 1935 च्या त्यांच्या डिक्शनरीत फक्त 1490 शब्द वापरून सगळ्या व्याख्या लिहिल्या. आज नांदेडचा किंवा गडहिंग्लजचा मुलगा आठवीच्या इंग्रजीवर ही डिक्शनरी वाचू शकतो त्यामागे ते काम आहे.

शब्दाशेजारी लाल गोळे असतात त्याकडे पण लक्ष द्या. तीन भरलेले असतील तर तो शब्द सगळ्यात जास्त वापरातल्या 3000 मधला, दोन असतील तर पुढच्या 3000 मधला, एक असेल तर त्याच्याही पुढच्या. गोळाच नाही तर तो शब्द सध्या सोडून द्या. आपल्याकडे मुलं दुर्मिळ शब्द घोकत बसतात आणि रिक्वायर, अफेक्ट, प्रोव्हाइड असे रोजचे शब्द कच्चे राहतात.

उच्चार ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही ऐकायला मिळतात. फोटोग्राफ, फोटोग्राफर, फोटोग्राफिक एकामागून एक ऐका, जोर आधी फो वर, मग टॉ वर, मग ग्रॅ वर सरकतो. मराठीत असा जोर सरकत नाही म्हणून तो आपल्या कानाला पटकन कळत नाही, इथे बटण दाबून पाहिजे तितक्या वेळा ऐकता येतं.

कमी काय आहे? मराठी अर्थ नाहीत, त्यामुळे झाडं, पक्षी, मसाले असल्या शब्दांना उगाच व्याख्या वाचत बसण्यापेक्षा इंग्रजी-मराठी कोश बरा. वर्ड फॅमिली सगळ्या शब्दांना नाही. व्युत्पत्ती फार त्रोटक, मूळ लॅटिन ग्रीक धातूवरून शिकायची आवड असेल तर वेगळं पुस्तक लागेल. पानावर जाहिराती असतात. आणि मुख्य म्हणजे डिक्शनरी वाचन करून देत नाही, ते आपलं आपल्यालाच करावं लागतं, तेही झेपेल असं. शब्दसंग्रहावर संशोधन करणारे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलं होतं की कादंबरी किंवा पेपर फारशा मदतीशिवाय वाचायला 8000 ते 9000 वर्ड फॅमिली लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी राहतो आणि तेव्हा संदर्भावरून अर्थ लागतो. प्रत्येक ओळीत चार शब्द अडत असतील तर संदर्भच हाताला लागत नाही, मग अंदाज कशावरून बांधणार. म्हणून अग्रलेखापासून सुरुवात नको, आधी खेळाची पानं किंवा लहान मुलांच्या गोष्टी घ्या, अडलेला शब्द आधी वाक्यावरून ओळखायचा प्रयत्न करा, मगच साइट उघडा, आणि वहीत एकट्या शब्दाऐवजी तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य आणि खाली त्याची भावंडं लिहा.

गावाकडे रेंज नसते त्यांनी छापील घ्यावी, नवी महाग पडते, पण पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांकडे चौकशी करून बघा, आवृत्ती थोडी मागची असली तरी सोप्या व्याख्या आणि उदाहरणाची वाक्यं त्यातही आहेतच.