एन्कोडर कुणाला जोडायचा: ड्रायव्हरला की कंट्रोलरला?

घरच्या सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनला) एन्कोडर, म्हणजे मोटर खरंच किती फिरली ते मोजणारा सेन्सर, बसवायचं ठरलं की पुढचा प्रश्न, त्याची वायर न्यायची कुठे? एक वाट सरळ आहे. क्लोज्ड-लूप स्टेपर (पावलापावलाने फिरणारी, एन्कोडरसकट येणारी मोटर) आणि त्याच्या जोडीचा ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा बॉक्स) घ्यायचा, एन्कोडर त्यालाच जोडायचा आणि जीआरबीएल या फर्मवेअरवर चालणारा, मशीनला हुकूम देणारा कंट्रोलर आहे तोच ठेवायचा. दुसरी लांबची: मागेही शाफ्ट असलेल्या साध्या स्टेपरवर एन्कोडर, सिग्नल मेसा कंपनीच्या, पीसीला जोडायच्या कार्डात आणि सगळा हिशेब पीसीवरच्या लिनक्ससीएनसी या कंट्रोल सॉफ्टवेअरकडे. दोन्ही मी वापरलंय.

ड्रायव्हरवाल्या पर्यायाचं कौतुक आधी करतो. मोटर मागे पडू लागली की तो करंट वाढवून तिला ओढून आणतो, एरवी कमी ठेवतो. त्यामुळे मोटर फारशी तापत नाही. साधा स्टेपर वेगात असताना अडकला तर लिनक्ससीएनसी त्याला सावरू शकत नाही, फक्त थांबवू शकतं. लाकूड आणि एमडीएफ एवढंच कापणाऱ्याने इथेच थांबावं, असं मला तरी वाटतं.

माझं मत फिरलं ते अलार्ममुळे. ॲल्युमिनियममध्ये ६ मिमीची एंड मिल (फिरणारं कापायचं टूल) खाच काढत होती. चिप निघेना, टूल अडकलं आणि एक्सच्या ड्रायव्हरने लाल दिवा लावून मोटर सोडून दिली. जीआरबीएलला याचा पत्ताच नाही. ते वाय अक्ष रेटत राहिलं आणि जॉब भंगारात गेला. गॅन्ट्रीला (टूल पेलणाऱ्या आडव्या पुलाला) दोन्ही बाजूंनी मोटर असेल तर आणखी वाईट: एक बाजू थांबते, दुसरी ढकलत राहते.

अलार्मच्या वायरी जीआरबीएलच्या रीसेटला जोडता येतात, आणि जोडाव्यातच. पण चालत्या जॉबमध्ये रीसेट बसला की जीआरबीएल जागेचा भरवसा सोडतं. त्यात माझे ड्रायव्हर सप्लाय बंद-चालू केल्याशिवाय अलार्म सोडत नसत. म्हणजे पुन्हा होमिंग (अक्ष स्विचपर्यंत नेऊन जागा नव्याने ठरवणं), आणि झिरो (मोजमाप सुरू होतं तो बिंदू) मिळणार तो होम स्विच जेवढा अचूक तेवढाच. उलटवून दुसऱ्या बाजूने कापायच्या जॉबला तेवढा फरकही खुपतो.

लिनक्ससीएनसी साधारण दर मिलिसेकंदाला सांगितलेली जागा आणि एन्कोडरची जागा ताडून बघतं. १००० रेषांचा एन्कोडर फेरीला ४००० काउंट देतो. ५ मिमी पिचच्या (फेरीला ५ मिमी सरकवणाऱ्या) बॉलस्क्रूवर एक काउंट म्हणजे ०.००१२५ मिमी. फरक एफएररच्या (फॉलोइंग एरर, म्हणजे मोटर किती मागे पडलेली चालेल त्याच्या) मर्यादेबाहेर गेला की सगळे अक्ष एकदम थांबतात. ही मर्यादा हळू चालताना घट्ट आणि वेगात सैल ठेवता येते. खरी गंमत पुढे आहे. एन्कोडरला ५ व्होल्ट कार्डाकडून मिळतात, त्यामुळे इमर्जन्सी स्टॉपने मोटरचा सप्लाय तोडला तरी मोजणी चालूच राहते. स्पिंडल थांबलं की मी स्क्रू हाताने मागे फिरवतो, स्क्रीनवरचे आकडे सोबत पळतात. चिप काढायची, मशीन ऑन करायचं. झिरो होता तिथेच असतो.

खर्च आणि खटपट मात्र जास्त आहे. कार्ड हवं, रिअल-टाइम कर्नल (कामं अगदी वेळच्या वेळी करणारा लिनक्सचा गाभा) नीट चालवणारा पीसी हवा, पीआयडी (फरक बघून मोटरला दुरुस्त करणारं गणित) जमवायला सवड हवी. एन्कोडरच्या केबल शील्डेड घ्या आणि व्हीएफडीपासून (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हपासून) लांब ठेवा. लाइट गेली तर होमिंग दोन्हीकडे करावंच लागतं, कारण हे एन्कोडर इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त हालचाल मोजणारे; वीज गेली की जागा विसरतात. कपलिंग (मोटर आणि स्क्रू यांचा जोड) घसरलं किंवा स्क्रूला बॅकलॅश (उलट फिरताना जाणवणारा ढिलेपणा) असला तर शाफ्टवरच्या एन्कोडरला दोन्ही पर्यायांत ते दिसत नाही.

त्यासाठी अक्षावरच लिनिअर स्केल (अक्ष खरंच किती सरकला ते मोजणारी पट्टी) लावावी लागते, आणि तिचे सिग्नल वाचायला शेवटी कार्डच लागतं. नेहमी धातू कापणार असाल तर मी आधी कार्डाचे पैसे बाजूला काढेन, मोटरचं नंतर बघेन.