कोल्हापुरात अर्धा दिवस मोकळा आहे आणि चित्रांची आवड आहे: टाऊन हॉलला जायचं की चौकात फिरायचं?

अंबाबाईचं दर्शन झालं, मिसळ झाली, आता गाडीला अजून चार-पाच तास आहेत, काय बघू, असं बाहेरगावचे मित्र नेहमी विचारतात. चित्रांची आवड असणाऱ्याला मी दोनच गोष्टी सांगतो. एक म्हणजे टाऊन हॉल म्युझियम आणि जमलं तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय, म्हणजे कलापूरच्या नावाजलेल्या चित्रकारांची कामं. दुसरी म्हणजे सरळ चौकात जायचं, पुतळे, फ्लेक्स, जुन्या रंगवलेल्या भिंती बघायच्या, म्हणजे राजकारणाची कला. माझं मत आधीच सांगून टाकतो, वेळ एकाच गोष्टीला असेल तर टाऊन हॉल. पण सगळ्यांसाठी नाही, ते खाली येतंच.

टाऊन हॉलची इमारत मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदानं आखलेली, नवा राजवाडाही त्याचाच. लोक तिथं जातात ते इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती बघायला, ती बघाच, पण चित्रांच्या दालनातून घाईनं बाहेर पडू नका. आबालाल रहिमान (१८६०-१९३१) हा शाहू महाराजांच्या दरबारचा चित्रकार, मुंबईला जे.जे. कलाशाळेत शिकला आणि नंतर कोटितीर्थ तलाव, रंकाळा, संध्यामठ याच गोष्टी पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. त्याचा जलरंग बघताना नाक काचेला लागेल इतकं जवळ जा. पाणी दाखवायला त्यानं पाणी रंगवलेलंच नसतं बऱ्याचदा, कागद कोरा सोडलेला असतो आणि शेजारी एक ओला गडद पट्टा, बास, तेवढ्यात संध्याकाळ होते. आणि बघून झालं की रंकाळा स्वतः रिक्षानं दहा मिनिटांवर आहे, असं सुख फार कमी शहरांत मिळतं.

मांडरेंच्या संग्रहालयात पावडर शेडिंगची निसर्गचित्रं आहेत, म्हणजे रंगाची कोरडी पूड कागदावर चोळून केलेली. हा माणूस भालजी पेंढारकरांच्या सिनेमात शिवाजी महाराज झालेला नट, आणि चित्रं बघा किती शांत. शांतता हवी असेल तर हेच निवडा, बाकी जास्त सांगत नाही.

आता चौक. इथं बाहेरचे लोक चुकतात असं मला वाटतं, फक्त फ्लेक्स बघतात आणि म्हणतात काय हे. सुरुवात फ्लेक्सपासून करूच नका, बिंदू चौकातून करा. तिथं महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे आहेत, १९५० मध्ये बसवलेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. पुढाकार भाई माधवराव बागलांचा, आणि हे बागल प्रजा परिषदेचे, म्हणजे संस्थानातल्या लोकचळवळीचे पुढारी तर होतेच पण जे.जे.मध्ये शिकलेले चित्रकारही होते. तिथून चालत शिवाजी चौक. या जागी आधी विल्सन नावाच्या इंग्रज गव्हर्नरचा पुतळा होता, बेचाळीसच्या चळवळीत कोल्हापूरच्या बायकांनी जिवावर उदार होऊन तो विद्रूप केला, आणि १९४५ मध्ये तिथं शिवाजी महाराज आले, घडवले बाबूराव पेंटरांनी. राजकीय कला म्हणजे काय हे मला या एका चौकात जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून कळलं नाही.

आणि हेच बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) नाटकाचे पडदे रंगवायचे, महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यांनी काढली, स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली. जी. कांबळेंचं पण तसंच, सिनेमाची पोस्टरं रंगवणारा कोल्हापूरचा माणूस, आणि शिवाजी महाराजांचं शासनमान्य चित्र त्यांच्याच हातचं. म्हणजे म्युझियमवाला वेगळा आणि पोस्टरवाला वेगळा अशी वाटणी या गावात कधी नव्हती, म्हणून मला ही तुलना करावीशी वाटते.

फ्लेक्स मात्र वेगळा प्रकार आहे. पूर्वी बॅनर पेंटर कापडाला अस्तर द्यायचा, फोटोवर चौकोन आखायचा, तेच चौकोन कापडावर मोठे करायचा आणि मग चेहरा उतरवायचा, गालावर एखादा निळा-हिरवा फटकारा द्यायचा जो जवळून विचित्र दिसायचा आणि रस्त्यापलीकडून एकदम जिवंत. आता डिझायनर फोटो कापून बसवतो, स्क्वेअर फुटाच्या दरानं प्रिंट निघते आणि रात्रीत चढते. तरी बघण्यासारखं असतंच. कोण किती मोठा, कोणाचा फोटो वर, कोण गोलात, खाली शुभेच्छुकांची रांग कुठल्या क्रमानं, त्या पेठेतलं सगळं राजकारण एका फ्लेक्सवर वाचता येतं, फक्त तालमीतलं, म्हणजे पेठेच्या मंडळातलं कोणीतरी शेजारी उभं राहून सांगणारं पाहिजे. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारा, लोक आनंदानं सांगतात.

मग कोणी काय निवडायचं? बरोबर लहान मुलं असतील, किंवा काचेमागची चित्रं बघून तासाभरात कंटाळा येत असेल तर चौक, खुशाल. १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, २६ जून म्हणजे शाहू जयंती, किंवा गणपती, या दिवसांच्या आसपास येत असाल तरीही चौकच, कारण गाव तेव्हा नटलेलं असतं आणि ते नंतर बघायला मिळत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर फ्लेक्स उतरवलेले असतात, मग पुतळे आणि टाऊन हॉल. सोमवारी म्युझियम बंद असतं, म्हणजे त्या दिवशी प्रश्नच मिटला. आणि स्वतः चित्र काढणारा असाल तर दुसरा विचार करू नका, आधी आबालाल. ब्रशचा हात डोळ्यात बसला की मग रस्त्यावरच्या फ्लेक्समधून काय गेलंय आणि काय शिल्लक आहे ते आपोआप दिसायला लागतं, उलट्या क्रमानं ते होत नाही.

पूर्ण दिवस असेल तर सकाळी टाऊन हॉल, ऊन उतरल्यावर दसरा चौक, बिंदू चौक, शिवाजी चौक असं चालत. पुण्याकडं परत जाताना कावळा नाक्यावर ताराराणींचा पुतळा लागतो, शिल्पकार रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला, घोडा मागच्या दोन पायांवर उभा. गाडी बाजूला लावून खाली उतरा आणि एक चक्कर मारून बघा, गाडीतून तो नीट दिसत नाही.