वापरलेली 470: दोन हंगामांनंतरचे मत

इंदूरहून भोपाळच्या मोठ्या तलावापर्यंतचे सुमारे 190 किलोमीटरचे अंतर मी आणि माझी धाकटी बहीण गेली दोन वर्षे जवळजवळ दर शनिवारी कापतो, ते एका जुन्या 470 जातीच्या शिडाच्या नौकेसाठी. आंद्रे कोर्नू या फ्रेंच आराखडाकाराने 1963 मध्ये ती आखली, 4.70 मीटर लांबीवरून तिला हे नाव मिळाले आणि 1976 पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. पॅरिस 2024 मध्ये या वर्गात प्रथमच एक स्त्री आणि एक पुरुष अशी मिश्र जोडी उतरली, आणि बहीणभावांनी मिळून शिकण्यासाठी हीच नौका निवडावी, हे आमचे तेव्हाच ठरले.

निवड योग्य ठरली. सुकाणू बहिणीकडे असते, तर मी डोलकाठीच्या तारेला कमरेच्या पट्ट्याने अडकवून घेऊन नौकेबाहेर झुकतो. 49er या दोघांच्याच दुसऱ्या ऑलिंपिक नौकेत दोघेही असे बाहेर लटकतात आणि तिला वाराही जोराचा लागतो. आमच्या दोघांच्या मिळून 130 किलो वजनाला आणि तलावावरच्या मंद, सतत दिशा बदलणाऱ्या वाऱ्याला 470 अधिक मानवते. वाऱ्याची झुळूक बदलताच मी अर्ध्या क्षणाने उशिरा आत आलो, तरी तिचा वेग लगेच मंदावतो. एकाची चूक दुसऱ्याला ताबडतोब जाणवावी, असा हिचा स्वभाव आहे आणि मला तो मनापासून आवडतो. स्पिनेकर, म्हणजे वारा मागून असताना पुढे उघडायचे फुगीर शीड, उघडताना मात्र पहिले सहा महिने आम्ही वारंवार उलटलो.

तक्रार विक्रेत्याबद्दल आहे. सांगाडा कोरडा आहे, असे त्याने छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात वजन नियमातील किमान 120 किलोपेक्षा नऊ किलो जास्त भरले, कारण आतल्या थरांत पाणी मुरले होते. मे महिन्यात तपासणीची झाकणे उघडून आम्ही ती घराच्या अंगणात ठेवली (आजीने कुरडयांची जागा आनंदाने दिली), तेव्हा पाच किलो उतरले; उरलेले चार अजून तसेच आहेत. म्हणून जुनी 470 घेणाऱ्याने रंग आणि शिडे पाहण्याआधी ती काट्यावर चढवून घ्यावी, आणि विक्रेता त्यास तयार नसेल तर सौदा तिथेच थांबवावा.