'माटालिकी' बोट: अपिया ते टोकेलाऊ

टोकेलाऊ हा प्रशांत महासागरातला, न्यूझीलंडच्या अखत्यारीतला बेटसमूह. इथे विमानतळ नाही. अताफू, नुकुनोनु आणि फाकाओफो ही तिन्ही अटॉलं, म्हणजे कंकणासारखी प्रवाळबेटं, मिळून जमीन जेमतेम 12 चौरस किलोमीटर, तीही तुकड्यातुकड्यांत. त्यामुळे मुख्य भिस्त सामोआतल्या अपियाहून सुटणाऱ्या 'माटालिकी' बोटीवर. फाकाओफोपर्यंत दिवस-रात्र लागते. प्रवासी 60, बाकी सगळा माल. ही बेटांची जीवनवाहिनी आहे, सहलीची बोट नव्हे. ऐसपैस केबिनची अपेक्षा असेल तर नाद सोडा.

तिकिटाआधी परवाना काढा. ज्या बेटावर उतरायचं तिथल्या गावसभेची, म्हणजे ताउपुलेगाची, संमती लागते. परतीचं विमान बोटीला अगदी लागून घेऊ नका. हवामान बिघडलं की वेळापत्रकाचा बोऱ्या वाजतो.

खरी परीक्षा उतरताना. प्रवाळाचं कडं संपतं तिथे समुद्र एकदम खोल जातो, म्हणून धक्का नाही. बोट बाहेरच थांबते आणि माणसं-माल सपाट पडावातून रीफमधल्या अरुंद वाटेने किनाऱ्याला जातात. पडाव लाटेबरोबर वर-खाली होतो. तो वर येऊन क्षणभर स्थिरावतो तेव्हाच, खलाशी सांगेल त्या क्षणी, पाऊल टाकायचं. खाली जात असताना उडी घेतली की पाय मुरगळलाच. दोन्ही हात मोकळे हवेत. सामान आधीच जाड प्लास्टिकमध्ये बांधून खलाशांकडे द्या. उलटीची गोळी बोट सुटण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

न्यूझीलंडचे डॉलर रोख न्या, एटीएम नाही. नदी-ओढा नाही, पिण्याचं पाणी मुख्यतः छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं. अंघोळ त्या हिशेबाने.

एकाच ठिकाणी उतरायचं तर फाकाओफो निवडा. तिथल्या फाले या इवल्याशा बेटावर घराला घर लागून आहे. 1863 साली पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी टोकेलाऊची जवळजवळ निम्मी माणसं पळवली; प्रवाळाच्या कड्याआतलं शांत पाणी, म्हणजे लगून, बघताना हे लक्षात असू द्यावं. पकडलेल्या माशांच्या वाटपाची 'इनाती' पद्धत जमलं तर जरूर पाहा: सगळा मासा एकत्र आणून घरटी माणसं मोजून वाटतात.

टोकेलाऊची माणसं चौथं बेटही आपलंच मानतात, ओलोहेगा. 1925 पासून ते अमेरिकन सामोआत आहे आणि या बोटीच्या फेरीत येत नाही.